मालिश : हात अंगावर, परिणाम कोठे?

टेबलाच्या कडेवर कोपर आपटले की आपला दुसरा हात आपोआप तेथे जातो आणि आपण ती जागा चोळू लागतो. हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. मूल पडले की आजी त्याचा गुडघा चोळते. रात्रभर एस.टी.चा प्रवास करून आलेल्या मामांचे पाय भाचा चेपून देतो. तालमीत मेहनत झाली की पैलवान एकमेकांचे अंग रगडतात. बाळंतिणीच्या घरी मालिशवाल्या मावशींचा रोजचा राबता असतो. दिवाळीच्या पहाटे तर अंगाला तेल लावून घेतल्याशिवाय अंघोळच होत नाही. थोडक्यात, मालिश आपल्याला नवी नाही.

नवी आहे ती पैसे मोजून, वेळ ठरवून, अनोळखी व्यक्तीकडून करून घेतलेली मालिश. मोठ्या शहरांत आणि आता तालुक्याच्या गावीही अशी केंद्रे दिसतात. बाहेरच्या पाटीवर ‘रक्ताभिसरण सुधारते’, ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात’, ‘स्नायूंतील आम्ल निघून जाते’ असे काहीबाही लिहिलेले असते. यांतले खरे किती? मालिश घेतल्यावर बरे वाटते, हे तर अनुभवाने सर्वांनाच ठाऊक आहे. मग ते ‘बरे वाटणे’ नेमके कोठे घडते? स्नायूत, रक्तात की आणखी कोठे? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की मालिशीकडून काय अपेक्षा ठेवावी, किती दाब सोसावा आणि मालिश केव्हा अजिबात करू नये, हे सारे ठरवता येते. यातला शेवटचा मुद्दा कधी कधी जिवावरचाही ठरू शकतो.

पाटण्यापासून ब्रायटनपर्यंत

मालिशीचा उल्लेख जगातील बहुतेक जुन्या वैद्यकांत आढळतो. आयुर्वेदात अभ्यंग म्हणजे अंगाला तेल चोळणे हा दिनचर्येचाच भाग मानला आहे. एक गमतीची गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. ‘शाम्पू’ हा इंग्रजीत गेलेला शब्द मूळचा आपल्याकडचा आहे. चांपणे म्हणजे दाबणे, चेपणे. सलूनमधली ‘चंपी’ त्याच घराण्यातली. हा शब्द इंग्लंडमध्ये लोकप्रिय करण्याचे श्रेय बरेचसे शेख दीन मोहम्मद (१७५९-१८५१) या पाटण्याच्या गृहस्थाकडे जाते. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्याने वाफेच्या स्नानाचे आणि मालिशीचे केंद्र चालवले, १८२२ मध्ये त्या विषयावर पुस्तक लिहिले आणि राजा चौथा जॉर्ज याचा ‘शाम्पूइंग सर्जन’ अशी नेमणूकही मिळवली. तेव्हा शाम्पू म्हणजे मालिश. केस धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

आज केंद्रांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार ‘स्वीडिश मसाज’ या नावाने ओळखला जातो. हे नाव पेर हेन्रिक लिंग (१७७६-१८३९) या स्वीडिश व्यायामशिक्षकाशी जोडले जाते. मात्र त्यातील हालचालींची पद्धतशीर मांडणी करून त्यांना आजची फ्रेंच नावे रूढ करण्याचे काम योहान मेत्झगर (१८३८-१९०९) या डच डॉक्टराने केले, असे इतिहासकार मानतात. या हालचाली पाच. पहिली, तळहात टेकवून लांब, संथ हात फिरवणे. दुसरी, कणीक मळावी तसे मांसल भाग उचलून मळणे. तिसरी, अंगठ्याने किंवा बोटांच्या टोकांनी एकाच जागी घासणे. चौथी, हाताच्या कडेने किंवा ओंजळीने थोपटणे. पाचवी, हात टेकवून कंप देणे. आपल्या मावशी आणि तालमीतले वस्ताद याच पाच गोष्टी करतात, फक्त त्यांना नावे देत नाहीत.

तेल लावण्यामागचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. कोरड्या त्वचेवर हात जोराने फिरवला तर घर्षणामुळे त्वचा ओढली जाते आणि केसांची मुळे दुखतात. तेलाचा पातळ थर मध्ये आला की घर्षण कमी होते आणि हाताचा दाब त्वचा न ओढता खाली पोचतो. उलट, एकाच जागी खोल दाब द्यायचा असेल तेव्हा हात घसरू नये म्हणून तेल कमी वापरतात.

दाबाचे गणित

नववीच्या विद्यार्थ्यांना दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल हे पाठ असते. त्याचा उपयोग येथे करून पाहू. मालिश करणाऱ्याने ५० न्यूटन बल लावले असे धरू. हे साधारण पाच किलोच्या वजनाइतके झाले. हे बल पूर्ण तळहाताने, म्हणजे सुमारे १०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळावर दिले, तर दाब होतो ५ किलोपास्कल. तेच बल कोपराच्या टोकाने, म्हणजे सुमारे ५ चौरस सेंटिमीटरवर दिले, तर दाब होतो १०० किलोपास्कल. बल तेच, दाब वीसपट.

आता शरीरातले आकडे पाहू. हृदय आकुंचन पावते त्या क्षणी मोठ्या रोहिण्यांतील रक्ताचा दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटर स्तंभाइतका, म्हणजे सुमारे १६ किलोपास्कल असतो. केशवाहिन्यांत तो याहून पुष्कळ कमी, २ ते ५ किलोपास्कलच्या आसपास असतो. याचा अर्थ तळहाताचा साधा दाबही केशवाहिन्या क्षणभर मिटवू शकतो. कोपराचा दाब खोलवर जाताना पसरून कमी होतो, हे खरे. तरीही तो रोहिणीतील दाबाच्या कितीतरी वर असतो. म्हणून ‘जोर’ आणि ‘दाब’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. ‘अंगठ्याने नको, तळव्याने करा’ असे सांगितल्याने मालिश करणाऱ्याची मेहनत तेवढीच राहते, पण घेणाऱ्याचे दुखणे एकदम कमी होते.

त्वचेखालचे श्रोते

आपल्या त्वचेत आणि तिच्याखाली दाब, ताण, कंप, तापमान आणि वेदना टिपणारी असंख्य चेताटोके आहेत. त्यांतील काही स्पर्शाच्या सुरुवातीला आणि शेवटीच संदेश पाठवतात, काही दाब असेपर्यंत पाठवत राहतात, तर काही केवळ जलद कंप ओळखतात. दाबामुळे पेशीच्या पडद्यातील एक विशिष्ट प्रथिन उघडते आणि विद्युतसंदेश सुरू होतो. हे प्रथिन आर्डेम पॅटापुटियन यांच्या गटाने शोधून २०१० मध्ये जाहीर केले. या कार्यासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस यांच्यासह मिळाले.

हे संदेश मज्जारज्जूकडे नेणारे चेतातंतू सारख्या जातीचे नसतात. नेहमीच्या स्पर्शाचे तंतू जाड असतात आणि त्यांच्यावर मेदाचे वेष्टन असते. त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने धावतो. ठणका देणाऱ्या वेदनेचे तंतू बारीक आणि वेष्टनाविना असतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर, म्हणजे आपल्या चालण्याएवढाच. पायाचे बोट उंबऱ्याला आपटले की आधी ‘लागले’ हे कळते आणि सुमारे एका सेकंदानंतर खरी कळ येते. हा वेगांतील फरकाचा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो.

यांखेरीज आणखी एक जात आहे. १९३९ मध्ये इंग्वे झोटरमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने मांजराच्या त्वचेत असे बारीक, मंद तंतू दाखवले की जे वेदनेला नव्हे तर हळुवार स्पर्शाला प्रतिसाद देतात. पुढे माणसाच्या केसाळ त्वचेतही ते सापडले. त्यांचे वैशिष्ट्य असे की हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने फिरला तरच ते जोमाने संदेश पाठवतात. त्याहून संथ किंवा जलद स्पर्शाला त्यांचा प्रतिसाद क्षीण असतो. एका आजारामुळे जाड स्पर्शतंतू गमावलेल्या एका स्त्रीचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचा स्पर्श तिला कळत नसे, पण हातावरून मऊ कुंचला फिरवला की अंधूक, सुखद असे काहीतरी जाणवे. मेंदूच्या चित्रणात तेव्हा स्पर्शाची जागा ओळखणारा भाग नव्हे, तर भावनांशी संबंध असलेला भाग जागा झालेला दिसला. रडणाऱ्या बाळाच्या पाठीवरून आई ज्या वेगाने हात फिरवते, तो साधारण याच पट्ट्यात येतो. मालिशीतील लांब, संथ हातांचाही वेग अनेकदा तेवढाच असतो.

वेदनेचे फाटक

आता आपटलेल्या कोपराकडे परत येऊ. चोळल्याने दुखणे कमी का होते? रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याचे एक उत्तर सुचवले. वेदनेचे संदेश मेंदूकडे जाण्यापूर्वी मज्जारज्जूत एका चेतापेशींच्या नाक्यावरून जातात. त्याच नाक्यावर जाड स्पर्शतंतूंचे संदेशही येतात आणि ते तेथील अवरोधक पेशींना जागे करतात. म्हणजे स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेचे फाटक काहीसे मिटते. मेंदूही वरून हे फाटक उघडू किंवा मिटू शकतो. भीती असली की ते उघडे राहते, निश्चिंतपणा असला की मिटते. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. तरी वेदना म्हणजे जखमेपासून मेंदूपर्यंत गेलेली सरळ तार नव्हे, वाटेत तिचे नियंत्रण होते, ही मूळ कल्पना टिकली आहे.

स्नायू सैल होण्यामागेही चेतासंस्थाच आहे. १९९० च्या सुमारास कॅनडात पोटरीवर मालिश करताना एक प्रतिक्षिप्त क्रिया विद्युत उपकरणांनी मोजण्यात आली. मालिश चालू असेपर्यंत ती क्रिया मंदावत असे आणि हात काढताच जवळजवळ लगेच पूर्ववत होई. स्नायू कणकेसारखा मळून कायमचा मऊ झाला असता, तर असे झाले नसते. स्नायूंवरील मजबूत आवरणे दाबाने ‘मोकळी’ होतात, असाही दावा करतात. मांडीच्या आणि तळपायाच्या आवरणांबद्दल २००८ मध्ये गणित मांडण्यात आले. त्यांचा आकार एक टक्का बदलायलासुद्धा हाताच्या आवाक्याबाहेरचे बल लागेल, असा त्याचा निष्कर्ष निघाला.

यावरून या लेखाचा मुख्य मुद्दा स्पष्ट व्हावा. हात पडतात स्नायूंवर, पण मालिशीचा बराचसा परिणाम घडतो तो चेतासंस्थेत. मज्जारज्जू आणि मेंदू यांना ‘येथे धोका नाही, ताठर राहण्याची गरज नाही’ असा संदेश मिळतो. हृदयाचे ठोके थोडे कमी होतात, रक्तदाब थोडा उतरतो, श्वास संथ होतो. मग ‘जितके दुखेल तितके गुणकारी’ ही समजूत उलटी ठरते. दाब असह्य झाला की शरीर धोक्याचा अर्थ लावते, श्वास रोखला जातो, मुठी वळतात आणि जो स्नायू सैल व्हायला हवा तोच आखडतो.

जे घडत नाही

पहिला गैरसमज आम्लाचा. जोरदार व्यायामात स्नायूंत लॅक्टेट तयार होते आणि दुसऱ्या दिवशीचे अंगदुखीचे कारण तेच, असे अजून अनेक जण मानतात. परंतु व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात हे लॅक्टेट आपोआप पूर्वीच्या पातळीवर येते. अंगदुखी मात्र एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचते. जो पदार्थ काल संध्याकाळीच निघून गेला, तो आज दुखवणार कसा? कॅनडातच २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की मुठीच्या व्यायामानंतर लगेच मालिश केली तर स्नायूतील रक्तप्रवाह आणि लॅक्टेटचा निचरा उलट मंदावतो. कारण प्रत्येक दाबासरशी रक्तवाहिन्या मिटतात. वर केलेले दाबाचे गणित आठवावे. मालिशीनंतर अंग लाल दिसते ते मुख्यतः त्वचेतील वाहिन्या रुंदावल्यामुळे. खोल स्नायूंत तेवढीच वाढ झाली, असा त्याचा अर्थ नव्हे.

दुसरा गैरसमज विषारी द्रव्यांचा. येथे विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला शिकवावे : ‘कोणते द्रव्य?’ त्याचे नाव सांगा, मालिशीपूर्वी रक्तात किती होते आणि नंतर किती झाले ते सांगा. याचे उत्तर पाटी लावणाऱ्यांकडे नसते. नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे चोवीस तास करत असतात. मालिशीनंतर तहान लागली तर पाणी जरूर प्यावे. विषे धुऊन काढण्यासाठी तांब्याभर पाणी जबरदस्तीने पिण्याचे कारण नाही.

मात्र सगळा परिणाम चेतासंस्थेतूनच होतो, असे म्हणणेही घाईचे होईल. २०१२ मध्ये अकरा तरुणांवर केलेल्या एका अभ्यासात दमवणाऱ्या व्यायामानंतर एकाच पायाला दहा मिनिटे मालिश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक नमुने तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. परंतु मालिश केलेल्या पायात दाह वाढवणारे काही रासायनिक संकेत कमी होते. अकरा ही संख्या लहान आहे, तरी दिशा लक्षात घेण्याजोगी आहे.

पुरावा किती भक्कम?

औषधाच्या चाचणीत निम्म्या रुग्णांना खऱ्या गोळीसारखी दिसणारी पोकळ गोळी देता येते. मालिशीत ते शक्य नाही. मालिश मिळाली की नाही हे घेणाऱ्याला कळतेच. त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते, आणि या क्षेत्रातील निष्कर्ष जपून वाचावे लागतात.

तरीही काही चांगले अभ्यास आहेत. जुनाट कंबरदुखी असलेल्या ४०१ लोकांची अमेरिकेतील सिॲटल परिसरात केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला दर आठवड्याला तासभर याप्रमाणे दहा आठवडे साधी आरामदायी मालिश दिली. दुसऱ्या गटाला दुखऱ्या भागांचा शोध घेऊन करायची खास मालिश दिली. तिसऱ्या गटाचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. दहा आठवड्यांनंतर मालिशीचे दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा चांगल्या स्थितीत होते. सहा महिन्यांनीही हालचालींत फायदा दिसत होता. वर्षाने तो जवळजवळ ओसरला होता. विशेष म्हणजे साधी आणि खास मालिश यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. एकच ‘गुप्त नस’ दाबली तरच गुण येतो, या दाव्याला याने धक्का बसतो. इतर अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असे दिसते की तात्पुरती चिंता कमी करण्यात मालिश उपयोगी पडते. तेव्हा अपेक्षा अशी ठेवावी : काही काळ आराम, बरी झोप, दुखण्याची धार कमी. आजार मुळापासून जाण्याची अपेक्षा ठेवू नये.

प्रत्यक्ष मालिश घ्यायला जाताना

चांगल्या ठिकाणी सुरुवात हाताने नव्हे, प्रश्नांनी होते. कोठे दुखते, अलीकडे शस्त्रक्रिया किंवा अपघात झाला आहे का, कोणती औषधे चालू आहेत, गरोदरपण आहे का, तेलाची ॲलर्जी आहे का, असे विचारले जाते. कोणी काहीच न विचारता कामाला लागले तर आपणच सांगावे. मालिश करणारी व्यक्ती स्त्री हवी की पुरुष, हेही आधी सांगता येते.

नंतर आपल्याला एकटे सोडून कपडे उतरवायला वेळ देतात. किती उतरवायचे ते आपण ठरवायचे. अंगावर चादर असते आणि ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा ठेवतात. गुप्तांगांना हात लावणे हा मालिशीचा भाग नाही. खोली थोडी उबदार ठेवतात, कारण त्वचेतील वाहिन्या रुंदावलेल्या असताना उघड्या अंगातून उष्णता लवकर निघून जाते. पाठीपासून किंवा पायांपासून संथ हाताने सुरुवात होते आणि दाब हळूहळू वाढतो. हातापायांवर जोराचे हात बहुधा हृदयाच्या दिशेने फिरवतात, त्याचे कारण पुढे प्रयोगात येईल.

दाबासाठी शून्य ते दहा असा मनात मापदंड धरावा. ‘दुखते, पण बरे वाटते’ इथपर्यंत ठीक. श्वास रोखावा लागला की मर्यादा ओलांडली. ‘हळू’, ‘येथे नको’, ‘थांबा’ हे शब्द कोणत्याही क्षणी, कारण न देता उच्चारण्याचा आपल्याला हक्क आहे. पोटात गुरगुरणे किंवा मध्येच झोप लागणे, यात लाजण्यासारखे काही नाही. शरीर विश्रांतीच्या अवस्थेत गेल्याची ती खूण होय.

संपल्यावर एकदम उठू नये. रक्तदाब थोडा उतरलेला असतो आणि झटकन उभे राहिल्यास चक्कर येऊ शकते. कुशीवर वळावे, बसावे, मग उभे राहावे. तळव्यांना लागलेले तेल पुसावे, म्हणजे फरशीवर घसरणार नाही. पुढचा एक-दोन दिवस अंग किंचित दुखणे स्वाभाविक आहे. काळेनिळे डाग, मुंग्या, बधिरपणा किंवा वाढत जाणारे दुखणे मात्र स्वाभाविक नाही. तेव्हा डॉक्टरांना दाखवावे.

केव्हा मालिश करू नये

ताप असताना, त्वचेवर संसर्ग, भाजलेले किंवा उघडी जखम असताना, हाड मोडल्याचा संशय असताना मालिश टाळावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, हाडे ठिसूळ झालेले वृद्ध, कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. फुगलेल्या, वेड्यावाकड्या नीलांवर दाब देऊ नये.

सर्वांत मोठा धोका पायाच्या खोल नीलेत झालेल्या रक्ताच्या गुठळीचा. पाय फार काळ हलला नाही की तेथील रक्त साकळू शकते. उदाहरणार्थ, प्लॅस्टरमध्ये असताना, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर. अशा वेळी एकच पोटरी सुजते, गरम लागते, दुखते. घरातल्या माणसांना वाटते, आखडली असेल, जरा चोळून देऊ. दिल्लीत एका तेवीस वर्षांच्या तरुणाच्या बाबतीत असेच घडले. घोट्याच्या दुखापतीचे प्लॅस्टर काढल्यानंतरही पाय दुखत होता, म्हणून आईने तेल लावून चोळला. गुठळी सुटून फुप्फुसाच्या रोहिणीत अडकली आणि त्याचा मृत्यू झाला. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये या घटनेची नोंद प्रसिद्ध केली. त्या माउलीचा हात प्रेमाचाच होता. तिला एवढे एक कोणी सांगितलेले नव्हते. एकाच पायाला सूज आणि दुखणे असेल तर चोळायचे नाही, आधी डॉक्टर. हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहावे असे आहे.

दुसरा धोका मानेचा. सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान झटक्यात फिरवून ‘कट’ आवाज काढण्याची पद्धत आहे. मेंदूला रक्त देणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून वर जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. केस धुण्यासाठी मान फार वेळ मागे वाकवल्यामुळे पाच स्त्रियांना असा त्रास झाल्याचे मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकन डॉक्टराने १९९३ मध्ये नोंदवले होते. असे प्रसंग विरळ असतात. पण त्या ‘कट’ आवाजाने फायदा काहीच नसल्याने विरळ धोकाही पत्करण्याचे कारण नाही. ‘चंपी करा, मान मोडू नका,’ असे स्पष्ट सांगावे.

वर्गासाठी दोन प्रयोग

पहिला प्रयोग विल्यम हार्वे याने १६२८ च्या ग्रंथात दाखवलेला आहे. सडपातळ विद्यार्थ्याने हात काही वेळ खाली लोंबता ठेवावा, म्हणजे हातावरच्या नीला फुगतील. मनगटाजवळ एका नीलेवर बोट दाबून ठेवावे. दुसऱ्या बोटाने तीच नीला कोपराच्या दिशेने हलकेच निपटत न्यावी आणि ते दुसरे बोट उचलावे. निपटलेल्या भागात झडप असेल तर तेथपर्यंतची नीला रिकामीच राहते, वरून रक्त परत येत नाही. आता मनगटाजवळचे बोट उचला, नीला खालून क्षणात भरते. नीलांतील झडपा रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात. म्हणूनच मालिशीतील जोराचे हात हृदयाच्या दिशेने असतात.

दुसऱ्या प्रयोगासाठी मऊ कुंचला, मोजपट्टी आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरे. प्रत्येकाने स्वतःच्या हाताच्या मागच्या, केसाळ बाजूवर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात. जोडीदाराने कुंचला हे अंतर एकदा झटक्यात, एकदा तीन सेकंदांत आणि एकदा तीस सेकंदांत पार करेल असा फिरवावा. डोळे मिटलेल्या विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी सुखदपणाला शून्य ते दहा गुण द्यावेत. क्रम बदलून तीनदा करावे आणि सर्व वर्गाची सरासरी काढून स्तंभालेख काढावा. सरासरीत मधला वेग वर येतो का, ते पाहावे. मग तेच तळहातावर करावे. तेथे ते मंद तंतू फारच विरळ असतात. एकेका विद्यार्थ्याचे आकडे वेगळे येतील. तेही नोंदवावे, कारण संशोधकांनाही तसेच आढळते.

प्रयोगापूर्वी जोडीदाराची परवानगी विचारण्याचा नियम ठेवावा, आणि ज्याला हात पुढे करायचा नसेल त्याला नोंदी घेण्याचे काम द्यावे. परवानगी विचारून आणि समोरच्याचे ऐकून स्पर्श करावा, हे मालिशीच्या धंद्यातही लागते. विद्यार्थ्यांना ते येथेच शिकता येईल.